एक डोळा उघडला म्हणून

एका गावात कौलारू छपराचं एक चर्च होतं आणि तिथल्या रविवारच्या शाळेत मार्थाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. बाई प्रेमळ, पण उत्तरांच्या बाबतीत भारी घाईच्या. पोरांनी तोंड उघडायचा अवकाश, बाईंचं उत्तर तयार! "देव दिसत का नाही?" "तो वर असतो म्हणून." "वर म्हणजे कुठे?" "खूप वर. चला, गाणं म्हणा पाहू!"

प्रार्थनेच्या वेळी पोरं फार चुळबुळ करायची. कोणी पुढचीची वेणी ओढायचं, कोणी भिंतीवरच्या पालीकडे बघून खिदळायचं. एका रविवारी बाई वैतागल्या. "डोळे मिटा बघू सगळे! जो डोळे उघडतो ना, त्याची प्रार्थना देवापर्यंत पोचतच नाही." झालं, वर्ग एकदम चिडीचूप! बाई मनातून खूश झाल्या.

पुढे काही महिन्यांनी सहा वर्षांच्या दीनाची आई तापाने अंथरुणाला खिळली. रविवारी सगळ्या मुलांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, पण ताप काही हटेना. दोन दिवसांनी दीनाचे वडील बाईंच्या दारात उभे राहिले.

"सलाम, बाई. जरा घरी येता का? पोरगी कालपासून डोळे मिटून बसलीय. जेवतेसुद्धा तशीच. आईच्या खोलीत पाऊल टाकत नाही. आणि तिची आई एकसारखी विचारतेय, माझी दीना कुठाय, माझी दीना कुठाय."

बाई हातातलं काम टाकून तशाच निघाल्या. दीना स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. डोळे गच्च मिटलेले आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ. दाराच्या चौकटीवर आपटली होती बिचारी.

"दीना, बाळा, काय झालं गं?"

"बाई, मी एक डोळा उघडला होता." दीनाचा आवाज अगदी बारीक झाला. "रविवारी, आईची प्रार्थना चालू होती तेव्हा. नाकावर माशी बसली होती हो! म्हणून प्रार्थना पोचलीच नाही. आता आई बरी होईपर्यंत मी उघडणारच नाही."

बाईंना आपलेच शब्द आठवले. सवयीने उत्तर मात्र जिभेवर आलंच: देवाने तुला माफ केलंय, उघड डोळे. किती सोपं! पोरगी उठली असती आणि दारात उभ्या असलेल्या तिच्या वडिलांसमोर बाईंचा मानही राहिला असता. पण चूक बाईंची आणि माफी दीनाला, हा कुठला न्याय?

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "दीना, तुझं काहीच चुकलं नाही. मीच खोटं बोलले. तुम्ही गप्प बसावं म्हणून तसं सांगितलं. देव उघड्या डोळ्यांनी केलेली प्रार्थनाही ऐकतो."

"खरंच?"

"अगदी खरं."

"मग आई बरी होईल ना?"

'होईल' म्हणायचा मोह बाईंना झालाच. पण त्यांनी तो आवरला. "ते मला माहीत नाही गं राणी. आपण देवाकडे मागू, डॉक्टरांचं औषधही देऊ. पण देव तुझ्यावर रागावलेला नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. आणि तुझी आई तुला बघायला तळमळतेय."

दीनाने एक डोळा किलकिला केला. मग दुसरा उघडला आणि धावत सुटली ती थेट आईच्या कुशीत. आईच्या तोंडाकडे टक लावून तिने प्रार्थना केली, "प्रभू येशू, ही बघ माझी आई. हिला बरं कर. आमेन." बाईंनीही त्या दिवशी डोळे उघडेच ठेवले. आई कितीतरी दिवसांनी हसलेली त्यांना दिसली.

ताप उतरायला आणखी नऊ दिवस लागले. मधल्या रविवारी बाईंनी सगळ्या वर्गासमोर आपली चूक सांगितली. मग मागून एकाने हळूच विचारलं, "बाई, मग देव दिसत का नाही?"

"मलाही नीट सांगता येत नाही रे," बाई म्हणाल्या. "या, जवळ बसा. मिळून विचार करू."

आणि सगळी पोरं सरकत सरकत बाईंच्या अगदी जवळ येऊन बसली.

तात्पर्य इतकंच: लेकरांपुढे "मला माहीत नाही" म्हटल्याने देव लहान होत नाही, पण आपल्या सोयीसाठी देवाच्या नावाने सांगितलेलं खोटं कोवळ्या जिवाला फार जड जातं.