गुरुजींचं धुकं

एकदा एक वृद्ध चित्रकार होता, आणि पुढे जे घडलं त्याचा दोष त्याचाच होता. शिष्याचा नव्हे, शेठचा नव्हे, काळाचा तर नव्हेच. हे आधीच सांगून टाकतो, कारण म्हाताऱ्यांची चूक झाली की आपण ती गुपचूप नियतीच्या माथी मारतो.

एका गडासमोरच्या टेकडीवर खडकावर बसून तो जलरंगात गड रंगवी. गडाखालची नदी, देवळाचा कळस, आणि पायथ्याशी धुकं. त्या धुक्यासाठी रसिक दुरून येत. खरं तर ते रंगवलेलं नसेच. जलरंगात पांढरं हवं असेल तर कागद कोरा सोडावा लागतो. तो तेवढी जागा सोडून भोवती रंग वाहू देई, आणि पाहणारे माना डोलावत.

त्याचा शिष्य त्याच पायथ्याचा, पाथरवटांच्या वस्तीतला. गडाचा चिरा न् चिरा त्याच्या वाडवडिलांनी घडवलेला. कित्येक वर्षं त्याने गुरूचे कुंचले धुतले, पण त्या कोऱ्या जागेविषयी तोंडातून ब्र काढला नाही.

मग एका शेठने गडावर इतिहासाचं दालन उभारलं. मधल्या भिंतीसाठी मोठं चित्र हवं होतं. गुरूचा हात आता थरथरे, म्हणून त्याने ते काम शिष्याला दिलं. शिष्याने गड काढला, नदी काढली, आणि पायथ्याशी आपली वस्ती काढली. कौलं, दगडांच्या राशी, छिन्न्या तापवायची भट्टी, दारात बसलेली हौसाआत्या.

"मला काढलंस? मग नाक नीट काढ हो," आत्या म्हणाली, "तुझ्या बापासारखं नको!"

दालन उघडेल त्या दिवशी अख्खी वस्ती स्वतःला पाहायला गड चढणार होती.

आदल्या दिवशी शेठला घेऊन गुरू दालनात आला. त्याने चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग स्पंज पाण्यात बुडवला आणि सरळ कौलांवरून फिरवला. भट्टी विझली. आत्या विरघळली. फडक्याने टिपून टिपून त्याने कागद पुन्हा पांढरा केला.

गुरू शांतपणे बोलू लागला. असली माणसं नेहमी शांतपणेच बोलतात.

"बाळ, जलरंग ही त्यागाची साधना आहे. जो सगळंच सांगतो, तो काहीच सांगत नाही. ही कोरी जागा चित्राचा श्वास आहे. कुठे थांबावं हे ज्याला उमगलं, त्यालाच प्रकाश गवसतो."

शेठने हात जोडले. एरवी अशी गोष्ट इथेच संपते. शिष्य पायाशी वाकतो आणि आपण समाधानाने चहाला लागतो.

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "आमच्याकडे धुकं पडत नाही."

"म्हणजे?"

"उभ्या जन्मात पाहिलं नाही मी. कोरडा मुलूख आपला. पायथ्याशी असतो तो चुलींचा धूर आणि दगडाचा भुगा. जन्मभर त्या खडकावर बसून खाली बघितलंत. आम्ही दिसलोच नाही?"

"तसं नव्हे रे. ते... रचनेत बसत नव्हतं."

"गड बसला. कळस बसला. घडवणारे तेवढे बसले नाहीत! त्यागच करायचा होता तर गडाचा करायचा होतात. दुसऱ्याच्या घराचा कसला त्याग करता, गुरुजी?"

त्याने आपले कुंचले उचलले आणि तो गड उतरून गेला.

दालन उघडलं. चित्राची वाहवा झाली. वस्तीतलं कुणी फिरकलं नाही.

काही दिवसांनी गुरू आपल्या खडकावर जाऊन बसला. गड झाला, नदी झाली, हात सवयीने पायथ्यापाशी थांबला. खाली चुलींचा धूर चढत होता. ती जागा आता त्याला कोरी सोडवेना. आणि भरावी तर कशाने? तो कधी खाली वस्तीत गेलाच नव्हता. त्या घरांची दारं कुठल्या दिशेला उघडतात, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर त्याचं एकही चित्र पूर्ण झालं नाही.