गुडघ्यांवर सोडलेलं पाणी

इनामदार रंगरावांचे गुडघे धरले होते. केसोपंत वैद्यांनी लेप दिला आणि बजावलं, "खरं औषध चालणं. देवळाला रोज चाळीस प्रदक्षिणा घाला. आधी दुखेल, मग हळूहळू उतरेल."

रंगरावांना पाटावरून उठायचाही कंटाळा. जप, पारायण, अनुष्ठान सगळं ते अच्युतभटांकडून आपल्या नावे करवून घेत. तशा या प्रदक्षिणाही भटजींच्याच गळ्यात पडल्या. भटजींची साठी उलटलेली, गुडघे यजमानांपेक्षा जास्त कुरकुरणारे. पण नाही कोण म्हणणार? रोज सकाळी ते यजमानांच्या नावे संकल्प करत, पळीभर पाणी सोडत आणि पाय ओढत चालू लागत.

दोन महिने गेले. रंगरावांना उठवायला आता दोन माणसं लागू लागली. त्यांनी वैद्यांना बोलावलं आणि गाव सोडायला फर्मावलं.

"तुमचं औषध खोटं आहे."

"खोटं नाही," ओसरीवर बसलेले भटजी थकल्या आवाजात म्हणाले, आणि कशाचाही आधार न घेता उठून उभे राहिले. "मला गुण आला."

रंगराव चिडले. "चाललात माझ्या नावे, मग गुण तुम्हाला कसा?"

"प्रदक्षिणांच्या पुण्यावर मी रोज पाणी सोडलं, सरकार. ते तुम्हाला पोचलं असेल. गुडघ्यांवर मात्र तुम्हीच पाणी सोडलंत."

 रंगरावांनी चालायला काठी मागवली.

भटजी पुन्हा खाली बसले. उद्या त्यांना फक्त स्वतःच्या नावे चालायचं होतं.