मधोमध बसलेला भिरभिऱ्या

तारांमधून माहितीची पाकिटं नुकतीच पळू लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका जाळ्याच्या अगदी मधोमध भिरभिऱ्या नावाचा नवाकोरा राउटर बसला. दिवे लुकलुकले आणि स्वारी हवेत तरंगायला लागली!

"अरे, पाकिटावरची वाट सांगणारी जुनी चिठ्ठी काढायची, नवी लावायची, पुढे सोडायचं," जाळ्याच्या काठावरच्या राउटरकाकूंनी बजावलं. "आतलं बघायचं नाही. कोणाचं काय, ते आम्ही काठावरचे बघतो."

"म्हणजे मी नुसता चिठ्ठ्या चिकटवणारा?" भिरभिऱ्या फुरंगटला. काकूंची पाठ वळताच त्याने दोन पाकिटं उघडली. दोन्हींच्या आत एकच पत्ता होता, खोली नंबर दहा. त्याने चिठ्ठ्या फेकल्या आणि दोन्ही पाकिटं झोकात पाठवून दिली. मिठाईवाला आणि डॉक्टरीणबाई, दोघांकडेही खोली नंबर दहा आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं!

दवाखान्यात पेढ्यांची ऑर्डर पोचली. मिठाईवाला कोणाच्यातरी बरगड्यांचा फोटो उलटसुलट करत म्हणाला, "हा कुठला नवा साचा?" हसून हसून काकूंचा पंखा गरगरला.

आता सगळ्या गावाचं टपाल भिरभिऱ्याच्या हातून जातं. "आत काय असतं रे?" असं कोणी विचारलं, की तो सगळे दिवे लुकलुकवत ऐटीत सांगतो, "मला काय ठाऊक!"