सात ठोके

त्या मुलुखात सगळी मातीची भांडी राहत असत आणि तिथल्या विहिरी आटल्या होत्या. पाण्याविना राहिलेलं मडकं आतून वाळत जाई आणि एक दिवस बसल्या जागी त्याचा भुगा होई. भिंतीपलीकडे तांब्यापितळेचं राज्य होतं. तिथे पाणी मुबलक, पण पितळेत काही केल्या ते गार होईना. म्हणून पितळेचे लोक मडक्यांना आत घेत. घेत म्हणजे वाजवून घेत. मडकं वाजवून घ्यावं ही रीत जुनीच आहे आणि तिच्यात वावगं काही नाही. फरक एवढाच, की बाजारात बोटाने वाजवतात आणि त्या दरवाजावर हातोडा होता.

आवडाई नावाची एक घागर त्या दरवाजाकडे निघाली होती. तिचा नवरा सोनबा, तो रांजण, आणि ठकी व बाबू ही दोन बोळकी गेल्या उन्हाळ्यात खणखणीत वाजली आणि आत गेली. पण मडक्यांचा संसार म्हणजे उतरंड. खाली रांजण, त्यावर घागर, त्यावर लेकरं. मधली घागरच नसेल तर लेकरं बसणार कशावर? रांजणाचं तोंड रुंद, बोळक्यांची बुडं इवलीशी. सोनबाचा निरोप आला होता, "ठकी दोनदा पडली. काठ उडालाय. तिसऱ्यांदा पडली तर राहायची नाही. तू ये."

अडचण एकच होती. आवडाईला लहानपणापासून तडा होता, गळ्यापासून पोटापर्यंत. दर आठ दिवसांनी त्यात राळ भरावी लागे. ती स्वतःच वितळवायची, स्वतःच भरायची आणि कामाला लागायची. बारा वर्षांत तिच्यातून थेंब गळला नव्हता. मडकी थापून घडवणाऱ्या म्हाताऱ्या थापटण्याने तसा दाखलाही दिला होता: हिचा जोड पक्का आहे.

शेजारचा केरू माठ मात्र हसला. त्यालाही बुडाशी तडा होता. "दाखला कसला दाखवतेस, आवडाक्का? गेरू फास, वर चुन्याची नक्षी ओढ. कुणाच्या बापाला कळतंय?" त्याने स्वतः तसंच केलं आणि नवरदेवासारखा रंगून रांगेत उभा राहिला.

दरवाजावर एक मोठा पितळी पातेला बसत असे. मडकी त्याला रावसाहेब म्हणत. त्याने केरूला पहिला ठोका दिला आणि गेरूचा पोपडा उडाला.

"लपवलंस?" रावसाहेबाने विचारलं.

"नाही जी, ते आपलं जरासं..." केरूला वाक्य पुरं करता आलं नाही. दुसरा ठोका त्याच्या तोंडावर बसला, तिसरा पोटावर. तो फुटला तरी हातोडा थांबला नाही. खापऱ्यांचे तुकडे झाले, तुकड्यांची खडी झाली, खडीची पूड झाली. मग केरसुणीने ती पूड रस्त्यावर लोटली. रांगेतलं एकही मडकं हललं नाही. आपला नंबर पुढे सरकला, एवढंच प्रत्येकाच्या मनात आलं, आणि त्याची प्रत्येकाला लाज वाटली.

पुढचा नंबर आवडाईचा होता.

"आजार आहे काही?"

"आहे जी. तडा आहे. दर आठ दिवसांनी राळ भरते. हा दाखला."

रावसाहेबाने दाखला उलटा धरला, सुलटा धरला. "खरं बोललीस, बरं केलंस. निरोग्यांना तीन ठोके असतात. आजार सांगणाऱ्यांना सात."

"सात का, रावसाहेब?"

"जोड किती टिकतो ते बघायला नको? उद्या आत येऊन फुटलीस तर तुझी राळ कोणी वितळवायची?"

"माझी मीच वितळवते जी. बारा वर्षं..."

पहिला ठोका बसला. आवडाई घुमली, जोड टिकला. दुसरा थेट जोडावरच बसला. राळ तडतडली, पण सुटली नाही. तिसऱ्याला तिचा काठ उडाला. दरवाजाच्या फटीतून तिला आत सोनबा दिसला, त्याच्या बाजूला जमिनीवर बसलेली दोन बोळकी दिसली. "आये!" ठकी ओरडली. चौथ्या ठोक्याला आवडाईने आवाज काढला नाही, कारण लेकरं ऐकत होती. पाचवा पुन्हा जोडावर. राळ अशी धरून बसली होती, की रावसाहेबाचाच हात झिणझिणला. त्याला राग आला. सहावा ठोका त्याने दोन्ही हातांनी घातला, दुसऱ्या बाजूला, जिथे आवडाईला जन्मात कधी काही झालं नव्हतं.

ती तिथे फुटली.

एक अर्ध बाहेर पडलं आणि त्याचा चुरा झाला. दुसरं गडगडत उंबऱ्याच्या आत गेलं. त्याच्यावर गळ्यापासून पोटापर्यंत राळेची काळी रेघ होती, अखंड. रावसाहेबाने तिच्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, "तड्याच्या आजाराने फुटली." सातवा ठोका राहिला होता, तो त्याने माफ केला.

सोनबाने ते अर्ध उचललं. त्याला रडायला येत होतं आणि तो रडलाही, सगळ्यांदेखत. मग त्याने ते आपल्या तोंडावर पालथं ठेवलं आणि ठकीला त्यावर बसवलं. ठकी डुगडुगली, पण पडली नाही. परवाना नसलेली खापरी आत राहू देत नसत. केरसुणी धावत आली आणि हुकमासाठी तिने रावसाहेबाकडे पाहिलं.

रावसाहेब जाग्यावर नव्हता. हातोडा ठेवून तो घाईघाईने मागच्या अंगणात गेला होता. तिथे भाता चालू होता, निखारे लाल झाले होते आणि नवसागराचा धूर डोळ्यांत जात होता. कल्हईवाल्याने रावसाहेबाला निखाऱ्यांवर धरलं. त्याचं पोट आतून हिरवं पडलं होतं. त्यात ठेवलेलं ताक कळकून गेल्या आठवड्यात चार जणांना ओकाऱ्या झाल्या होत्या. कल्हईवाल्याने कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्याने पुसलं आणि नेहमीसारखं सांगितलं, "झालं, रावसाहेब. आता दोन महिन्यांनी या." रावसाहेब चकाकत उठला. त्याच्या मागे तांबे, हंडे, तपेली आपापला नंबर धरून उभी होती, आणि ती रांग भिंतीच्या कडेने पार राजवाड्याच्या दारापर्यंत गेली होती.