काजळवाडीतला पांढरा रुमाल

काजळवाडीत सकाळ सोनेरी नव्हे, राखाडी उगवायची. वाडीच्या तिन्ही बाजूंना लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या. त्यांच्या धुराड्यांतून मऊमऊ काजळी दिवसभर भुरभुरायची, आणि सोनकीचा चिमुकला भाऊ ठकू खोकून खोकून निळा पडायचा.

एका दुपारी सोनकी त्याच्यासाठी अडुळशाची पानं आणायला टेकडीवरच्या बंगल्यांच्या बागेत गेली. तिथे जाईच्या वेलाखाली एक इवलीशी परी पडली होती! काजळीनं तिचे पंख जड झाले होते. सोनकीनं परकराच्या टोकानं ते हळुवार पुसले. गुलाबी, मोतिया, मोरपिशी रंग झगमगू लागले.

"माग बाळ, काय हवं ते माग," परी म्हणाली.

"ठकूचा खोकला जाऊ दे."

"धूर साऱ्यांचा, म्हणून वरही साऱ्या वस्तीला. माझ्याकडे हिरव्या वाऱ्याची एकच कळशी आहे. उद्या सकाळी मी दारोदार पांढरा रुमाल फिरवीन. ज्या वस्तीत तो सगळ्यांत काळा होईल, तिथे कळशी ओतीन."

सोनकी उड्या मारत घरी आली आणि तिनं वाडीभर सांगितलं. पण परी येणार म्हटल्यावर बायांनी पदरच खोचले!

"आई, उंबरा धुऊ नको ना! रुमाल काळा व्हायला हवा."

"वेडी की काय! पाहुणीला काजळीत बसवायचं? नाव ठेवील ती," आई म्हणाली.

पहाटेच उंबरे घासले, सडे पडले, रांगोळ्या उमटल्या. मुकादम दगडूतात्यांनी तर पाहुणीसाठी भट्ट्याही थंड ठेवल्या.

परी आली. तिनं रुमाल फिरवला. पांढराशुभ्र!

"टेकडीवर पाचोळा जाळला होता. तिथे जरासा करडा झाला," परी म्हणाली. "कळशी त्यांची."

सोनकी तिच्या वाटेत उभी राहिली. "पण त्यांना तर बागा आहेत!"

"नियम म्हणजे नियम, बाळ."

सोनकी घरात धावली आणि ठकूच्या उशाचं फडकं घेऊन आली. आईनं तिचा हात धरला. "सोनके, आपली लक्तरं वेशीवर टांगू नकोस गं."

पण सोनकीनं फडकं उलगडलंच. "यात ठकू खोकतो."

फडक्यावर काळे काळे ठिपके होते.

परीचे पंख विझल्यासारखे झाले. "ही काजळी... आतली?"

मग आईनं कमरेला खोचलेलं आपलं फडकं काढून त्याशेजारी ठेवलं. दगडूतात्यांनी खिशातला रुमाल ठेवला. बघता बघता अंगणभर काळी फडकी पसरली.

"अगं बाई! मी नुसते उंबरेच बघत हिंडले!" परीच्या डोळ्यांतून टपटप मोती गळले. तिनं आपला रुमाल टर्रकन फाडला. "आजपासून आधी माणसांना विचारीन."

तिनं कळशी कलंडवली. धुराड्यांवर दाट हिरव्या जाळ्या विणल्या गेल्या, वाटेवाटेनं कडुनिंब सळसळले. लख्ख चांदण्यांसारखा उजेड फुटला आणि त्यात परी विरून गेली.

ठकूनं छाती भरून श्वास घेतला. मग आईला बिलगून त्यानं घाबरत विचारलं, "आई, हा वास कसला गं?"

"पानांचा, राजा," आई म्हणाली, आणि तिलाच हुंदका आवरेना.