भर दुपारचा फ्लॅश

एकदा एका खाडीकाठच्या गावातली एक तरुणी तीन लेन्स आणि एक फ्लॅश घेऊन आपल्या गुरूंकडे आली. तिचे नाव प्रणिता. रीळ घालायचा एक जुना, सगळे काही हाताने जुळवावे लागणारा कॅमेरा तिने नुकताच मिळवला होता. गुरू म्हणजे मोरेश्वरकाका. तालुक्याच्या गावी आयुष्यभर स्टुडिओ चालवून आता निवृत्त झालेले वृद्ध छायाचित्रकार. दुकानदाराने सामान वापरून पाहायला दिले होते, आणि त्यातले काय ठेवावे हे प्रणिताला कळत नव्हते.

काकांनी आधी विचारले की फोटो कोणाचे काढायचे आहेत. तिची आई चांगुणाबाई मिठागरावर मीठ वाहायची. मिठागराचा हा शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी तिथे भराव पडणार होता. त्याआधी आईचा कामावरचा एक तरी चांगला फोटो प्रणिताला हवा होता. लांबचे जवळ आणणारी मोठी लेन्स तिला पसंत होती. बांधावरून, कोणाच्या नकळत फोटो काढता आला असता. बायकांसमोर कॅमेरा घेऊन उभे राहायचा तिला संकोच वाटत होता, हेही तिने सांगून टाकले. फ्लॅश मात्र घरातल्या अंधारासाठी लागेल, असे ती म्हणाली.

काकांनी मोठी लेन्स बाजूला ठेवली. रुंद दृश्य टिपणारीही ठेवली. उरली ती साधी, पन्नास मिलिमीटरची. मग फ्लॅश तिच्या हाती देत ते म्हणाले, "हा घरात लावू नकोस. भर दुपारी, उघड्या मिठागरावर लाव."

प्रणिता मान डोलावून निघाली, पण मनात म्हणाली, काकांचे आता वय झाले. एवढ्या उन्हात दिवा कोण लावतो? तिने मोठी लेन्सही पिशवीत टाकली आणि बांधावर उभी राहून त्याच लेन्सने सगळे रीळ संपवले.

फोटो धुऊन आले. मिठाच्या राशी लखलखीत पांढऱ्या, आणि त्यांच्यापुढे डोक्यावर टोपल्या घेतलेल्या काळ्या आकृत्या. हंगामात गावाबाहेरून येणारे हौशी लोक असेच फोटो काढून नेत. त्यांतली आई कोणती, हे लेकीलाही ओळखता येईना.

ती ते फोटो घेऊन काकांकडे गेली आणि त्यांचे ऐकले नाही, हे तिने कबूल केले. काका रागावले नाहीत.

"दुपारी उजेड कमी नसतो गं," ते म्हणाले, "पण तो सगळा टोपलीवर पडतो. टोपलीखालच्या चेहऱ्याच्या वाट्याला सावली येते. तेवढी सावली उचलायला फ्लॅश. पण अशा उन्हात त्याचा उजेड पाच-सहा फुटांपलीकडे टिकत नाही. म्हणून मोठी लेन्स नको म्हटले. तुला आईच्या समोर जावे लागेल, तिला विचारावे लागेल. घरात खिडकीच्या उजेडात तिचा चेहरा तू रोज पाहतेस. कामावरचा चेहरा कोणी पाहिलाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणिता बांधावरून खाली उतरली. अनवाणी पायांनी मिठागर ओलांडून ती आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आये, तुझा फोटो काढू?"

बाकीच्या बायका हसल्या. चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी टोपली खाली ठेवली, पिण्याच्या पाण्याने तोंड धुतले, पदर नीट खोचला आणि भरलेली टोपली पुन्हा डोक्यावर घेतली. मग मान ताठ करून, लेकीच्या नजरेला नजर देत म्हणाल्या, "आता काढ."

प्रणिताने शटरचा वेग फ्लॅशशी जुळवला, लेन्सचे छिद्र लहान केले. पापणी लवण्याइतका वेळ उजेड पडला. मग एकेक करून साऱ्याच जणी तोंड धुऊन रांगेत आल्या.

हंगाम संपला त्या दिवशी समाजमंदिरात ते फोटो लागले. बायका आपापल्या फोटोपुढे थबकत होत्या. कपाळावरच्या घामाचे थेंब, ओठांच्या कडेचे मीठ, डोळ्यांतला दिमाख, सगळे स्पष्ट दिसत होते. काकांनी चष्मा पुसून प्रत्येक फोटो पाहिला आणि प्रणिताच्या खांद्यावर हात ठेवला. उरलेल्या दोन लेन्स तिने केव्हाच परत केल्या होत्या.

शहरातून आलेल्या एका पाहुण्याने चांगुणाबाईंना विचारले, की इतका स्पष्ट फोटो यायला लेन्स फार मोठी असेल, नाही का?

चांगुणाबाईंनी दोन्ही हात समोर पसरून अंतर दाखवले.

"माजी पोरगी," त्या म्हणाल्या, "इतकी जवल उबी व्हती."