तांबड्या डोंगरातली हाक

एका राज्यात तांबडा डोंगर होता आणि डोंगराच्या पोटात तांब्याची खोल खाण. माणकांच्या लोभाने राजाने ती खणत खणत थेट पाताळापर्यंत नेली. तिथे धूम्रकेश मांत्रिकाचे घर होते. घराचे छत फुटले, मांत्रिक कोपला, आणि खाणीतले सारे खाणकरी जागच्या जागी तांब्याचे झाले. युवराज नीलध्वजही त्यांत गेला. खाण ओस पडली. त्या शापाने राज्यात विळ्याला धार राहीना, नांगराचा फाळ मातीत शिरेना.

घरोघरी चुली थंडावल्या, तेव्हा राजकन्या सुवर्चा उठली. हाती मशाल, खांद्यावर बोलका भारद्वाज पक्षी. ती खाणीत उतरली.

पहिल्याच वळणावर नाग आडवा आला.

"कोण तू?"

"नीलध्वजाची बहीण."

"जायचे तर मशाल ठेव."

तिने ठेवली. पुढे मिट्ट काळोख. भारद्वाज हूप हूप करीत पुढे उडाला, ती त्याच्या आवाजामागे ठेचकाळत गेली. पडली, गुडघे फुटले, पुन्हा उठली.

मग भिंतींतली माणके लखलखली. म्हणाली, "आम्हांला ने, राज्य तरेल."

"हात लावू नको, राजकन्ये," भारद्वाज म्हणाला. "त्यांना वर यायचे नाही, तुला इथे ठेवायचे आहे."

सुवर्चाने हात पदरात गुंडाळले आणि मान खाली घालून ती पुढे गेली.

तळाशी तांब्याच्या माणसांमध्ये धूम्रकेश बसला होता. "एकच हाक मार, कुमारी. ज्याला हाक, तो जिवंत. उरतील ते माझे."

समोरच नीलध्वज उभा होता. त्याचे नाव तिच्या ओठांवर आले. पण त्याच्यामागे शेकडो चेहरे होते, ओरडता ओरडता थिजलेले. तिने ते नाव गिळले.

"खाणकऱ्यांनो!"

खणखणाट झाला. तांबे गळून पडले, माणसे श्वास घेऊ लागली. नीलध्वज मात्र तसाच. सुवर्चाने त्याच्या थंड खांद्यावर हात ठेवला.

मांत्रिक हसला. "भाऊ गमावलास."

"कसा गमावेल?" एक म्हातारा खाणकरी पुढे झाला. "पुढे जायला आम्ही भ्यालो, तेव्हा युवराजांनी स्वतः कुदळ उचलली. आमच्याबरोबर महिनोन्महिने खणले. तेही खाणकरीच!"

धूम्रकेशाने वाकून पाहिले. युवराजाच्या मुठीत कुदळ होती, तळव्याला घट्टे होते.

"दिला शब्द मोडत नाही," तो म्हणाला.

नीलध्वजाने डोळे उघडले. "ताई, तू इथे?"

सुवर्चाने त्याला मिठी मारली आणि मगच रडली.

सर्वांनी मिळून मांत्रिकाचे छत बांधून दिले. शाप फिटला. वर शेतांत फाळ सरसर चालू लागले.

खाणीच्या तोंडाशी राजा अनवाणी उभा होता. आधी खाणकरी बाहेर आले. राजाने मुकुट काढला, त्यांच्यापुढे मान लववली आणि मग आपल्या लेकरांना जवळ घेतले.